इंदूरच्या बिझनेस स्कूलमध्ये खुल्या बाजाराचं अभ्यासमंडळ कसं सुरू करावं

जुलै-ऑगस्टमध्ये इंदूरच्या मॅनेजमेंट कॉलेजांत नवी बॅच येते. तिच्यात पुणे, जळगाव, नागपूरहून आलेली मराठी मुलंमुली असतात, तशी रामबाग, सुदामानगर, लोकमान्यनगरात वाढलेली इथलीच असतात. अर्थशास्त्राचा तास सुरू झाला की त्यांच्यातल्या काही जणांना वर्गापेक्षा मोठे प्रश्न पडू लागतात. भाव कोण ठरवतं? सरकारनं कुठं थांबावं? धंदा करण्याचं स्वातंत्र्य इतकं महत्त्वाचं असेल, तर आपल्याकडे त्याबद्दल बोलताना लोक अवघडतात का? या प्रश्नांसाठी कॉलेजात मंडळ काढायचं असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. अशी मंडळं उभी राहताना आणि विरून जाताना मी जवळून पाहिली आहेत. टिकतात ती कशानं टिकतात, हे सांगण्यासाठी लिहितो आहे.

कल्पना नवी नाही. अमेरिकेत मॅनहॅटन इन्स्टिट्यूट या धोरणांचा अभ्यास करणाऱ्या संस्थेनं २०११ मध्ये अ‍ॅडम स्मिथ सोसायटी सुरू केली. बिझनेस स्कूलांमध्ये शाखा काढायच्या, एमबीएच्या विद्यार्थ्यांनी व्याख्यानं आणि वादविवाद भरवायचे, मुक्त अर्थव्यवस्थेनं समाजाला काय दिलं याची चर्चा करायची, असं तिचं स्वरूप आहे. आपल्याकडची परंपरा त्याहून जुनी आहे. ए. डी. श्रॉफ यांनी १९५६ मध्ये मुंबईत फोरम ऑफ फ्री एंटरप्राइज काढला. राजाजींचा स्वतंत्र पक्ष १९५९ चा. आणि शरद जोशी स्वित्झर्लंडमधली आंतरराष्ट्रीय टपाल संघटनेतली नोकरी सोडून चाकणजवळ आंबेठाणला शेती करायला आले आणि शेतकरी संघटना उभी राहिली. बाजाराच्या स्वातंत्र्याची भाषा मराठीत आली ती कांद्याच्या भावातून. म्हणून हा विषय परका समजून बिचकण्याचं कारण नाही.

आधी एका पानावर भूमिका लिहा

सभासद गोळा करण्याआधी हे काम करा. एका पानात, सोप्या मराठीत किंवा हिंदीत, मंडळ कशाच्या बाजूनं आहे ते लिहा. त्या पानावर एक वाक्य असलंच पाहिजे: आम्ही बाजाराच्या बाजूचे आहोत, व्यापाऱ्याच्या किंवा कंपनीच्या बाजूचे नाही.

नवख्यांना या दोन गोष्टी एकच वाटतात. प्रत्यक्षात त्या बऱ्याचदा एकमेकींच्या विरुद्ध जातात. आत असलेल्या कंपनीला नवा स्पर्धक नको असतो. तिला आयातीवर कर हवा असतो, परवान्याची अट हवी असते, जमीन स्वस्तात हवी असते. बाजाराची बाजू घेणारा मात्र म्हणतो, दार सगळ्यांना उघडं ठेवा. खुद्द अ‍ॅडम स्मिथनं १७७६ मध्ये बजावलं होतं की एकाच धंद्यातली माणसं मौजेसाठी जरी एकत्र जमली, तरी बोलणं शेवटी ग्राहकाविरुद्धच्या संगनमतावर आणि भाव चढवण्याच्या युक्तीवर येतं. ज्या मंडळाला हे पान लिहिता येत नाही ते वर्षभरात उद्योगपतींच्या सत्काराचं मंडळ होतं. त्याची कॉलेजाला गरज नाही, तुम्हालाही नाही.

पिथमपूरचं उदाहरण घेऊन स्वतःला तपासा. तिथं १९८० च्या दशकात वाहन उद्योग आला, बजाज टेम्पो आला, आयशर आली. धार जिल्हा मागास म्हणून मिळणाऱ्या सरकारी सवलतींचा त्यात मोठा वाटा होता. मग हे बाजाराचं यश की अनुदानाचं? ते पैसे कुणाच्या खिशातून आले आणि दुसरीकडे कुठला कारखाना त्यामुळे उभा राहिला नाही? मंडळात यावर प्रामाणिकपणे भांडण होत असेल तर पाया बरा आहे असं समजा.

माणसं, परवानगी, पैसा

सुरुवातीला पाच-सहा जण पुरे. ते सगळे एकाच मताचे नसावेत, हे मात्र कटाक्षानं बघा. एक तरी शेतकरी घरातला असावा, एक घरचं दुकान असलेला, एक कारखान्यात नोकरी करून आलेला इंजिनिअर आणि एक तरी ठाम विरोधक. विरोधक बाहेरचा पाहुणा म्हणून येतो तेव्हा सगळे त्याच्याशी सभ्यपणे वागतात आणि कुणाचंच काही बदलत नाही. तोच सभासद असला की दर आठवड्याला आपला युक्तिवाद घासून घ्यावा लागतो.

परवानगीसाठी विद्यार्थी उपक्रमांचं काम पाहणाऱ्या प्राध्यापकांकडे लेखी अर्ज द्या. सोबत भूमिकेचं पान आणि पहिल्या तीन महिन्यांचे कार्यक्रम जोडा. मार्गदर्शक म्हणून अर्थशास्त्राचेच सर किंवा मॅडम हव्यात असं नाही. व्यवसाय कायदा शिकवणारे प्राध्यापक पुष्कळदा जास्त उपयोगी पडतात, कारण तुमचे निम्मे प्रश्न शेवटी कायद्यावर येऊन थांबतात. अर्जात स्पष्ट लिहा की मंडळ कोणत्याही पक्षाचा किंवा विद्यार्थी संघटनेचा प्रचार करणार नाही. आणि ते पाळा. निवडणुकीच्या हंगामात एखाद्या नेत्याला व्यासपीठ दिलं की मंडळावर शिक्का बसतो, तो पुढच्या बॅचलाही पुसता येत नाही.

पैसा कमी लागतो. सभासदांची छोटी वर्गणी, कॉलेजकडून खोली आणि प्रोजेक्टर, एवढ्यावर पहिलं वर्ष निघतं. परदेशी संस्थेनं मदत देऊ केली तर परस्पर कुणाच्याही खात्यात घेऊ नका. परकीय अंशदान कायदा, २०१० नुसार नोंदणी किंवा पूर्वपरवानगीशिवाय असा निधी घेता येत नाही आणि विद्यार्थी मंडळाकडे ती नसते. परदेशी जाळ्याशी पुस्तकं, ऑनलाइन व्याख्यानं, पत्रव्यवहार असं नातं ठेवायला हरकत नाही. पैशाचा विषय निघाला की तो संस्थेच्या कार्यालयाकडे सोपवा. स्थानिक प्रायोजकाबाबतही तेवढेच सावध राहा. बॅनरवर नाव टाकणं ठीक. विषय आणि वक्ता त्यानं ठरवायचा नाही.

वाचन थोडं, पण दोन्ही बाजूंचं

पहिल्या सत्रात चार मजकूर पुरेत. स्मिथचं श्रमविभागणीवरचं प्रकरण, टाचणीच्या कारखान्याचं. दहा माणसं काम वाटून घेऊन दिवसाला ४८ हजार टाचण्या करतात, हा हिशेब तिथलाच. त्यानंतर समाजात विखुरलेल्या माहितीचा वापर कसा होतो, यावरचा अर्थतज्ज्ञ हायेक यांचा १९४५ चा निबंध. तो अवघड आहे, दोन बैठका द्या. तिसरं बी. आर. शेणॉय यांचं १९५५ चं भिन्नमत. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेला अर्थतज्ज्ञांच्या मंडळात लेखी विरोध करणारे ते एकटेच होते. तुटीच्या अर्थभरण्यातून, म्हणजे उत्पन्नापेक्षा जास्तीचा सरकारी खर्च नवा पैसा काढून भागवण्यातून, महागाई येईल आणि नियंत्रणं वाढत जातील, असं त्यांनी त्याच वेळी मांडलं.

चौथा मजकूर आपल्या घरातला आणि विरुद्ध बाजूचा: न्यायमूर्ती रानड्यांचं १८९२ चं पुण्याच्या डेक्कन कॉलेजातलं व्याख्यान. इंग्लंडमधल्या अर्थशास्त्राचे नियम भारताला जसेच्या तसे लागू होत नाहीत, इथं उद्योग उभे करायला राज्यानं हात द्यायला हवा, असा त्यांचा मुद्दा. रानड्यांना उत्तर देता आल्याशिवाय मराठी माणसानं खुल्या बाजाराची बाजू पूर्ण मांडली, असं मी मानत नाही.

मंडीत जा

सगळ्यात महत्त्वाचं काम हे. इंदूरला राहून मंडीत न गेलेलं अर्थशास्त्राचं मंडळ मला समजूच शकत नाही. लक्ष्मीबाईनगर आणि छावणीला धान्याच्या मंड्या आहेत, चोइथराम मंडीत भाजी, फळं, कांदा-बटाटा. माळवा सोयाबीनचा प्रदेश आहे, तेव्हा दसऱ्याच्या आसपास नवा माल यायला लागला की जा. मंडी सचिवांकडून कॉलेजच्या पत्रावर आधी परवानगी घ्या. आठ-दहाच्या वर माणसं नेऊ नका. नीलामी सुरू असताना मधे उभं राहून व्हिडिओ काढू नका. तिथं एखाद्याच्या वर्षभराच्या कमाईचा सौदा चाललेला असतो.

एका ट्रॉलीचा कागदी प्रवास सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघा. गेटवर प्रवेश पर्ची होते. मग व्यापाऱ्यांचा घोळका ट्रॉलीपाशी येतो, मूठभर दाणे हातात घेऊन बघतो, बोली लागते. सौदा ठरला की अनुबंध पत्र म्हणजे कराराचा कागद, मग तौल म्हणजे वजन, शेवटी पैसे चुकते केल्याचं भुगतान पत्रक. प्रत्येक टप्प्यावर कोण कुणाला काय देतं ते वहीत लिहा. बोली लावणारे किती जण होते ते मोजा. मला विचाराल तर दिवसभरातला सगळ्यात मोलाचा आकडा तोच. दहा जण बोली लावत असतील आणि दोनच जण लावत असतील, तर छत तेच, कायदा तोच, पण बाजार वेगळा.

एकाच सकाळी दोन ट्रॉल्यांना वेगवेगळा भाव मिळालेला दिसेल. लगेच लूट म्हणू नका. दाण्यातला ओलावा किती, काडीकचरा किती, डागी दाणे किती, हे विचारा. हमीभावाच्या खरेदीत ओलाव्याची नेहमीची मर्यादा १२ टक्के असते, आणि पावसात भिजलेला ताजा माल सहज तिच्या वर जातो. तेवढं वजा केल्यावरही फरक उरला तर तो कशाचा, हा तुमचा अभ्यासाचा प्रश्न. २०२५-२६ च्या हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता. तुम्ही जाल त्या दिवशीचा मंडीचा भाव त्याच्या शेजारी लिहा आणि शेतकऱ्याला विचारा, तुमच्या हिशेबानं भाव कोण ठरवतं? हाच प्रश्न व्यापाऱ्याला विचारा, हम्मालालाही विचारा. तिघांची उत्तरं वेगळी येतील आणि परतीच्या बसमध्येच तुमची चर्चासभा सुरू होईल.

परत आल्यावर दोन घटनांवर बैठका घ्या. पहिली ई-चौपालची. आयटीसीनं २००० साली मध्य प्रदेशातल्या सोयाबीनच्या गावांत कॉम्प्युटर बसवले, शेतकऱ्याला भाव गावातच कळू लागला आणि मंडीऐवजी थेट कंपनीला माल विकण्याची सोय झाली. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं की ज्या भागांत ही केंद्रं आली तिथल्या मंड्यांमधला सोयाबीनचा भावही १ ते ३ टक्क्यांनी वाढला. ज्यांनी मंडीतच माल विकला त्यांनाही फायदा झाला, कारण शेतकऱ्याला आता दुसरी वाट होती. स्पर्धा कशी काम करते, हे समजवायला याहून जवळचं उदाहरण मला माहीत नाही.

दुसरी भावांतर योजनेची. २०१७ च्या खरिपात राज्य सरकारनं ठरवलं की शेतकऱ्यानं मंडीत विकावं आणि हमीभाव व सरासरी बाजारभाव यांतला फरक सरकार खात्यात टाकेल. कागदावर ही बाजाराला कमीत कमी धक्का लावणारी योजना होती. पण फरक सरकार भरणारच म्हटल्यावर व्यापाऱ्यांनी भाव पाडले, अशी तक्रार शेतकऱ्यांनी केली. आता तुमच्या वहीतला बोली लावणाऱ्यांचा आकडा काढा. बोली लावणारे मोजकेच असतील तर भाव पाडणं शक्य आहे. पुष्कळ असतील तर कुणीतरी जास्त बोली लावून माल उचलेलच. योजना चांगली की वाईट याचं उत्तर मंडीतल्या स्पर्धेत आहे, आणि ते तुम्ही डोळ्यांनी पाहून आलेले असता.

मराठी घरांतून आलेल्या मुलांनी इथं शरद जोशींची उलटी पट्टी सगळ्यांना समजावून सांगावी. माल विकून पैसे हाती येण्याऐवजी हमाली, तोलाई, वाहतूक कापून शेतकऱ्याच्याच अंगावर देणं निघतं, त्या कागदाला महाराष्ट्रात असं म्हणतात. जोशींचं म्हणणं होतं की सरकारनं शेतकऱ्याला काही देण्याआधी त्याच्या वाटेतून बाजूला व्हावं. निर्यातबंदी लादू नये, शहरात महागाई नको म्हणून भाव पाडू नयेत. २०२० चे तीन कृषी कायदे आणि २०२१ मधली त्यांची माघार यावर बोलायचं असेल तर या सगळ्यानंतर बोला. आधी बोललात तर टीव्हीवरचीच वाक्यं ऐकू येतील.

हुकुमचंद मिलच्या फाटकापाशी

बाजाराबद्दल बोलताना सगळे धंदा सुरू करण्याबद्दल बोलतात. बंद करण्याबद्दल कुणी बोलत नाही, आणि इंदूरला तो धडा अंगावर घ्यावा लागला. हुकुमचंद मिल ही इथली कापडगिरणी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बंद पडली. कामगारांची देणी अडकली, प्रकरण कोर्टात गेलं आणि तिथंच वर्षानुवर्षं राहिलं. २५ डिसेंबर २०२३ ला सुमारे २२४ कोटी रुपयांचा धनादेश दिला गेला, ४,८०० कामगारांच्या देण्यांपोटी. त्यांतले कित्येक तोवर हयात नव्हते. शहराच्या मधोमध एवढी मोठी जमीन तीस वर्षं पडून राहिली. तिच्यातून कामगारांना पैसा मिळाला नाही आणि नवा रोजगारही उभा राहिला नाही.

२०१५-१६ च्या आर्थिक सर्वेक्षणात यासाठी चक्रव्यूहाची उपमा वापरली होती: भारतीय उद्योगाला आत शिरणं सोपं झालं, बाहेर पडणं नाही. २०१६ चा दिवाळखोरी कायदा त्यानंतरचा. कायद्यात प्रकरण मार्गी लावायला ३३० दिवसांची मुदत आहे, प्रत्यक्षात पुष्कळ प्रकरणं ती ओलांडतात.

या विषयावर बैठक घ्याल तेव्हा जुन्या गिरणी कामगारांच्या घरातल्या कुणाला तरी बोलवा. त्यांना आधी बोलू द्या, मधे तोडू नका, आणि त्यांच्यासमोर सिद्धांत पाजळू नका. खुल्या बाजाराची बाजू मांडणाऱ्याला या घराला काय उत्तर आहे, हे ठरवल्याशिवाय बैठक संपवू नये. माझं उत्तर असं आहे: स्पर्धेत गिरणी बुडणं अटळ असेलही, पण कामगाराचं देणं तीस वर्षं अडकणं हे बाजाराचं कृत्य नव्हे, ते कायदा आणि कोर्ट न चालण्याचं फळ आहे. करार पाळला जाईल याची खात्री देणारं राज्य नसेल तर खुला बाजार ही कल्पनाच उभी राहत नाही. तुमचं उत्तर वेगळं असू शकेल.

स्वच्छ शहराचा प्रश्न टाळू नका

कुणीतरी विचारणारच: २०१७ पासून इंदूर स्वच्छतेत पहिलं येत राहिलं, ते तर महापालिकेनं केलं, तुमच्या बाजारानं काय केलं? प्रश्न रास्त आहे. रस्त्यावरचा कचरा एकट्यादुकट्याच्या खरेदी-विक्रीतून उचलला जात नाही, ते सामूहिक काम आहे, हे मोकळेपणानं मान्य करा. मग पुढं बघा. देवगुराडियाच्या ५५० टन क्षमतेच्या प्रकल्पात ओल्या कचऱ्यापासून बायो-सीएनजी होतो, तो सार्वजनिक-खासगी भागीदारीतला आहे. नर्मदेचं पाणी जलूदहून शहरापर्यंत उपसून आणायला प्रचंड वीज लागते; त्यासाठीच्या ६० मेगावॅटच्या सौर प्रकल्पाकरता महापालिकेनं फेब्रुवारी २०२३ मध्ये २४४ कोटींचे हरित रोखे, म्हणजे पर्यावरणपूरक कामासाठीचे कर्जरोखे, सामान्य गुंतवणूकदारांना विकले. फायनान्सच्या विद्यार्थ्यांनी त्या रोख्यांचं माहितीपत्रक वाचून एक सादरीकरण करावं. सरकार काय करतं यापेक्षा ते कोणत्या शिस्तीनं करतं, हा प्रश्न तिथं नेमका दिसतो.

फेरीवाल्यांचा विषयही याच सत्रात घ्या. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानं नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के जागा विक्रेत्यांना दिल्या आहेत आणि सर्वेक्षण पूर्ण होऊन प्रमाणपत्रं दिली जाईपर्यंत कुणाला हटवू नये असं सांगितलं आहे. राजवाड्याच्या आसपास फिरून विचारा, किती जणांकडे प्रमाणपत्र आहे, समितीची बैठक झाल्याचं किती जणांना माहीत आहे. धंद्याचं स्वातंत्र्य सगळ्यात जास्त कुणाला हवं असतं, ते या गल्ल्यांत कळतं. संध्याकाळ झालीच असेल तर सराफ्यातही जा. दिवसा सोन्याची पेढी, रात्री तिच्याच ओट्यासमोर भुट्ट्याचा कीस. एकाच जागेचा वापर दोन धंद्यांनी कसा वाटून घेतला, ते पेढीवाल्याला आणि ठेलेवाल्याला वेगवेगळं विचारा.

वादसभेचे नियम

एकच नियम लोखंडी ठेवा. समोरच्याला उत्तर देण्याआधी त्याचा मुद्दा आपल्या शब्दांत मांडायचा, आणि तो समोरच्यानं "हो, हेच म्हणायचं होतं" असं मान्य केल्यावरच पुढं बोलायचं. पहिल्या बैठकीत याला फार वेळ लागतो, आरडाओरड होते. महिनाभरात सवय होते आणि चर्चेचा दर्जा कुणालाही जाणवेल इतका वाढतो.

भाषेचं बंधन घालू नका. इंदूरचं मराठी-हिंदी मिश्रण आपोआप चालू राहील. इंग्रजीत अडखळणारा मुलगा मंडीबद्दल तुमच्यापेक्षा जास्त जाणतो, असं फार वेळा घडतं.

१ फेब्रुवारीला अर्थसंकल्पाची बैठक ठेवा. कायदेपंडित नानी पालखीवालांनी १९५८ मध्ये मुंबईतल्या एका हॉटेलच्या छोट्या सभागृहात अर्थसंकल्पावर बोलायला सुरुवात केली आणि पुढं त्या व्याख्यानांना ब्रेबॉर्न स्टेडियम भरू लागलं. तुमच्या बैठकीला चाळीस जण आले तरी खूप झालं. प्रत्येक सभासदाला एकच बाब वाटून द्या: एकाला खत अनुदान, दुसऱ्याला आयात शुल्क, तिसऱ्याला कर्जावरचं व्याज. आठवडाभर आधी मागच्या वर्षीचे आकडे काढून ठेवायला सांगा, म्हणजे त्या संध्याकाळी तुलना करता येते.

पुढच्या बॅचकडे सोपवताना

एमबीए दोनच वर्षांचं असतं. पहिलं वर्ष संपताना उन्हाळी इंटर्नशिप, दुसऱ्या वर्षी प्लेसमेंट, त्यामुळे फेब्रुवारीनंतर ज्येष्ठांकडून कामाची अपेक्षा ठेवू नका. जबाबदारी फेब्रुवारीतच पहिल्या वर्षाच्या दोघांकडे द्या. एकाकडे नको, तो आजारी पडला किंवा कंटाळला की सगळं थांबतं. सोपवताना द्यायच्या वस्तू म्हणजे भूमिकेचं पान, मंडीच्या वह्या, जमाखर्चाची नोंद, मंडी सचिवांना दिलेल्या पत्राची प्रत आणि आलेल्या प्रत्येक वक्त्याचं नाव व विषय. मंडीच्या वह्या जास्त जपा. तीन-चार बॅचांच्या वह्या साठल्या की बोली लावणारे वाढले की घटले, ओलाव्याची कपात किती झाली, हे तुमच्याच नोंदींवरून दिसायला लागेल. भूमिकेचं पान नव्या बॅचनं नुसतं स्वीकारायचं नाही. जुलैच्या पहिल्या बैठकीत ते मोठ्यानं वाचायचं, पटत नसलेली वाक्यं खोडायची, आणि का खोडली ते त्याच पानाच्या मागं तारीख घालून लिहायचं.